गौरीचे हात भिंतीपलीकडे

आमच्याकडे हातांशिवाय गौर बसत नाही. मुखवटा पितळेचा, अंग तेरड्याच्या जुडीचं, त्यावर साडी, आणि पदराच्या दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेली कळलावीची दोन फुलं. वर उलटलेल्या पाकळ्या, कडा कुरळ्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक. कुणी मेंदी लावून बोटं पसरली आहेत असंच वाटतं. हे गौरीचे हात. माझ्या सासरी, रत्नागिरीकडच्या गावात, हे फूल भाद्रपदात बांधाबांधावर दिसतं म्हणतात. त्यामुळे घराण्यातल्या कुठल्या तरी जुन्या बाईने हा नियम करताना फार विचार केला नसणार. दाराबाहेर पडायचं, हात तोडायचे, आत यायचं. आपल्या नातसुनांपैकी एखादी उठून बंगळूरजवळ येलहंक्याला घर बांधेल आणि हात शोधत स्कूटरवरून हिंडेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

ती हिंडणारी मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनीयर. येलहंक्याच्या कडेला आम्ही छोटं घर बांधलं होतं. पुढे रस्ता, मागे बांबूचं कुंपण आणि त्यापलीकडे खडक, झुडपं, घायपात. मी पुण्याची, वनस्पतिशास्त्राची पदवीधर. त्या पदवीचा उपयोग मी आयुष्यभर फक्त समोरच्याला गप्प करण्यासाठी केला. भाजीवाल्याने कोथिंबीर म्हटलं की मी तिचं लॅटिन नाव सांगायची. तो बिचारा दोन काड्या जास्त घालून मला लवकर वाटेला लावायचा आणि मला वाटायचं, ज्ञानाचा मान राखला.

त्या बाईचं, म्हणजे माझं, एक मोठं दुःख होतं. मराठीत भांडायला कुणी नव्हतं. हे दिवसभर कारखान्यात इंग्रजी-हिंदी बोलून येत आणि घरी वर्तमानपत्रामागे बसत. त्या कागदाशी भांडण होत नाही. लेक शाळेतून यायची ती अर्धी इंग्रजीत, अर्धी कन्नडमध्ये. मी रागावले की ती "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून खेळायला पळायची. आता "सरी" म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार!

शेजारी एक अक्का होत्या. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं, शहरात कापडाचं दुकान, आणि घरात भाषा मराठी. हो, मराठीच. भिंतीवरून डोकावून त्या विचारायच्या, "काय पुणेम्मा, जेवणं झाली काय? स्वल्प सारू देऊ?" स्वल्प म्हणजे थोडं, सारू म्हणजे सार. आणि मी पुण्याची बाई नाक उडवून उत्तर द्यायची, "नो, थँक यू." त्यांचं मराठी मला मराठीच वाटायचं नाही! मराठी बोलणारी बाई भिंतीला भिंत लावून राहत होती आणि मी तिच्याशी इंग्रजीत बोलून वर आईला पत्रात लिहीत होते, की इथे आपल्या भाषेतलं चिटपाखरू नाही.

अशात सासूबाई आल्या. सासरे गेल्यावर गावच्या घराला कुलूप लागलं. "महिनाभर बघते, नाही पटलं तर ठाण्याला धाकट्याकडे जाईन," असं त्या पहिल्याच दिवशी पायावर पाणी घेता घेता म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बघूच किती दिवस टिकतात. आणि दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीवरून आमचं पहिलं भांडण झालं.

काय सांगू त्या भांडणाचा आनंद! किती वर्षांनी मला कुणी "शहाणी आहेस" म्हणालं होतं, आणि त्यातला खरा अर्थ मला नीट कळत होता. मी "तुमच्याकडे गूळ घालतात म्हणून जगभर घालत नाहीत" म्हणाले. त्या "जगभर जाऊन आलीस वाटतं?" म्हणाल्या. दुपारी कपडे कुठे वाळत घालायचे यावरून, संध्याकाळी दिवा कुणी लावायचा यावरून. हे घरी आले तेव्हा आम्ही दोघी फुरंगटून दोन खोल्यांत बसलो होतो आणि माझी भूक दुप्पट वाढली होती. महिन्याभरात माझा रंग उजळला असं अक्कासुद्धा म्हणाल्या. मी त्यांना "थँक यू" म्हटलं.

सासूबाईंबरोबर पितळी मुखवटाही आला होता. श्रावण संपत आला तसा ठाण्याहून जावेचा फोन. जाऊबाईंचा आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. "आई, इथे बाजारात हातांचे ढीग लागतात हो. तिकडे वहिनींना कुठे मिळणार? उगाच त्यांना त्रास. तुम्ही गौरीला घेऊन इथेच या ना कायमच्या."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि निकाल दिला. "यंदा इथे बघू. हात मिळाले तर गौर इथे बसेल. ज्या वर्षी मिळणार नाहीत त्या वर्षी ती ठाण्याला जाईल, आणि ती गेली की मीही जाणार. गौर एका घरी नि मी एका घरी, असं व्हायचं नाही."

झालं. माझी सगळी भांडणं दोन फुलांवर टांगली गेली.

मी फूलवाल्यांकडे गेले. पण कानडी लोकांची गौरी येते गणपतीच्या आदल्या दिवशी, आणि आपली येते गणपती बसल्यानंतर. मी हातांची चौकशी करत फिरले तेव्हा त्यांचा गौरी हब्बा, म्हणजे गौरीचा सण, उरकला होता. फूलवाली म्हणाली, "गौरी होदळु, अम्मा." गौरी गेली म्हणे! मी तिला आमची अजून यायची आहे हे पटवत राहिले. तिने दया येऊन मला शेवंती दिली.

मग सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढली. पुढे लेक उभी, मागे मी, आणि हे कुरकुरत चालवताहेत. घर मागे पडलं, मग तळं, मग नुसती झुडपं. हे दर वळणावर विचारत, "नेमकं शोधतोय काय आपण?" आणि मी दर वळणावर शास्त्रीय वर्णन ऐकवत होते. पानांच्या टोकाला ताण असतो, ताणाने वेल आधार पकडते, जमिनीत कंद असतो, तो दरवर्षी फुटतो. माझं वर्णन चालू असताना लेक ओरडली, "आई, ते बघ, आग लागली!"

एका खडकाच्या बगलेत बोराटीचं झुडूप होतं आणि त्या काट्यांच्या डोक्यावर कळलावी चढून बसली होती. खाली कोण, कुणाचं, किती काटे, काही देणंघेणं नाही. पानांच्या टोकांनी बोराटीचे कान धरले होते आणि वर लाल-पिवळी फुलं फेकली होती. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर, आयुष्यात पहिल्यांदा हे फूल वेलीवर पाहत होते. तोवर ते गौरीला लावलेलं किंवा पुस्तकात छापलेलंच पाहिलं होतं. मी आनंदाने पुढे झेपावले आणि बोराटीने माझी नवी साडी धरली. ह्यांनी मला सोडवलं. वर म्हणाले, "ताण पानाला असतो म्हणालीस, साडीला पण असतो वाटतं."

त्या वर्षी गौर हातांसकट बसली. सासूबाईंनी फुलं निरखून पाहिली, "मेंदी बरी रंगलीय" म्हणाल्या, आणि नैवेद्याच्या घाटल्यात मी वेलची जास्त घातली म्हणून भांडल्या. मी कृतकृत्य झाले.

पण दिवाळीनंतर त्याच बाजूला फिरायला गेलो तर खडकाच्या आसपास पांढरे रंगवलेले दगड रोवलेले. लेआउट! प्लॉट पडणार. बंगळूर तेव्हा असं रोज थोडं थोडं खाऊन पुढे सरकत होतं. बोराटी काही फार दिवसांची सोबतीण नव्हती हे मला दिसलं, आणि पुढच्या भाद्रपदात सासूबाई ठाण्याच्या गाडीत बसल्याचंही दिसलं.

घरी येऊन मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अंगणातच लावली तर कळलावी?"

सासूबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरातल्या वेलीचे हात चालत नाहीत."

"का बरं?"

"गौर पाहुणी असते. बाहेरून येते म्हणून तिला आणायचं असतं. जी बारा महिने घरातच राहते तिला पाहुणी म्हणून आणणार कशी? आणि तसंही ती वेल दारात लावली तर घरात भांडणं होतात."

हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणखी?"

आम्ही दोघींनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. कागद पुन्हा वर गेला.

आता साध्या बाईने हा नियम ऐकून गप्प बसायचं. पण ही बाई शास्त्र शिकलेली. तिने बेत केला. कंद गुपचूप आणायचा, मागच्या अंगणात लावायचा, सासूबाईंना सांगायचं नाही. गौरीच्या दिवशी फुलं पिशवीत घालायची, स्कूटरवरून तळ्यापर्यंत एक चक्कर मारायची आणि परत येऊन म्हणायचं, रानातून आणली! नियम राहिला, हातही राहिले. मला हा बेत इतका आवडला की आरशात बघून मी स्वतःशीच हसले.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ह्यांना घेऊन मी खुरपं मारायला गेले. वेल तेव्हा पार वाळून गेलेली, जमिनीवर खूण म्हणून काही नाही. मी छाती पुढे काढून बोराटीखाली खणायला लागले. एक जागा, दुसरी जागा, तिसरी. हे सावलीत उभं राहून म्हणाले, "विहीर लागली तर सांग." शेवटी लागला एकदाचा कंद. दोन बोटं फाकवावीत तसा दोन फाट्यांचा, तपकिरी. तो मी जेवणाच्या डब्यात घालून आणला. घरी यांनी डबा उघडून विचारलं, "रताळं आहे का गं?" आणि मी झडप घालून तो काढून घेतला, कारण कळलावीचा कंद म्हणजे जहर. नवरा वाचला. पुढे तो डबा मी कधीच वापरला नाही.

मोरीमागे, अक्कांच्या भिंतीलगत, कंद पुरला. शेणखत घातलं, पालापाचोळा घातला, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. रानात ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याला मी बाळंतिणीसारखं जपलं. काही उगवलं नाही. मी पाणी वाढवलं. तरी नाही. मग कंटाळून नाद सोडला, कुजला असेल म्हटलं, आणि पाणी बंद केलं. पुढे वळवाचे दोन पाऊस पडले आणि एका सकाळी तिथे हिरवी बोटभर काडी उभी! मी नाद सोडल्याचीच ती वाट बघत होती.

सासूबाईंनी ती काडी बघितली. "हे काय लावलंस?"

"लिली आहे. परदेशी." माझ्या तोंडातून असं सफाईने निघालं की मला माझंच कौतुक वाटलं.

"अगं बाई, परदेशी!" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परदेशी लिली भराभर वाढली. पानांच्या टोकांनी तिने आधी बादलीची कडी धरली, मग वाळत घालायची दोरी, आणि एक दिवस दोरीवरचं सासूबाईंचं लुगडंच धरलं. सासूबाई ते सोडवत बसल्या. एकेक ताण हळूच उलगडून.  लुगडं सुटल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या परदेशी बाईला आपली नेसण आवडलेली दिसते," आणि निघून गेल्या.  सासू भोळी आहे, असं मी त्या दिवशी ठरवलं. बघा म्हणजे, काय प्रतीची बुद्धी!

मला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. वेल आमच्या अंगणात वाढायच्या ऐवजी भिंतीवर चढत होती. मी तिला संध्याकाळी आमच्या बाजूला वळवून काठीवर टेकवायची आणि सकाळी बघावं तर बाईसाहेब पुन्हा भिंतीवर. उजेडाकडे वळते, मी स्वतःला समजावलं, हे शास्त्रच आहे. श्रावणात ती भिंत ओलांडून अक्कांच्या अंगणात उतरली. आमच्या बाजूला राहिली नुसती पानं.

आणि मग गौरी हब्बा आला. त्यांचा, कानडी लोकांचा. अक्कांचं घराणं मराठी खरं, पण इतक्या पिढ्या इथे काढल्यावर त्यांची गौर शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर, गणपतीच्या आदल्या दिवशीच यायची. सकाळी मी मोरीमागे स्टूल ठेवून त्यावर चढले आणि भिंतीपलीकडे डोकावले. वेलीवर उमललेलं फूल एकही नाही! देठं कापलेली. अक्कांच्या ओसरीवर त्यांची गौर बसलेली, आणि तिच्याभोवती माझी फुलं. सगळी. आगीची कमान केल्यासारखी. वेलीवर उरल्या होत्या काही कळ्या, पोपटी, खाली माना घातलेल्या.

माझ्या डोळ्यांपुढे ठाण्याची गाडी शिट्टी देऊन निघाली. मी स्टुलावरून उतरले, पदर खोचला, आणि रस्त्याने वळसा घालून अक्कांच्या फाटकात शिरले. तोंड उघडलं ते इंग्रजीतच, कारण मला रागावायची सभ्य भाषा तीच वाटायची. "एक्स्क्यूज मी, दॅट क्लाइंबर इज माइन!"

अक्का हळदीकुंकवाचं तबक घेऊन बाहेर आल्या. मोठ्या सणाचा दिवस, त्या नखशिखांत नटलेल्या. "येवा की पुणेम्मा! आज पहिल्यांदा फाटकातून आलात. बसा."

"बसायला नाही आले. वेल माझी आहे." हे मराठीत निघालं. भांडण खरं असलं की माणूस आपल्या भाषेत येतो.

"मूळ तुमचं," अक्का म्हणाल्या, "फूल आमच्या बाजूचं. मी काय भिंत चढून आले काय? आणि विचारल्याशिवाय घ्यायला मला काय येड लागलंय? विचारून घेतली नव्हं."

"कुणाला विचारलंत?"

अक्कांनी मागे बघितलं. ओसरीच्या कोपऱ्यात, खांबाआड, पाटावर बसून कॉफी पीत होत्या आमच्या सासूबाई.

 घरी बाई चहाशिवाय कशाला शिवत नव्हत्या! आणि इथे पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून, सरावाच्या हाताने कॉफी निववत होत्या.

"तुम्ही इथे कधीपासून?"

"आज का?"

"आज म्हणजे?"

अक्का हसून म्हणाल्या, "अज्जी रोज येतात की. तुम्ही दुपारी स्वल्प झोपता नव्हं, तेव्हा."

म्हणजे मी ज्यांची एकटीची सोबत होते अशी माझी समजूत होती, त्या रोज दुपारी मागच्या बोळातून इथे येऊन, मी ज्या मराठीला मराठी म्हणत नव्हते त्या मराठीत पोटभर गप्पा मारून जात होत्या! मला राग यावा की रडू यावं कळेना. मी फुलांवरच घसरले. "आणि सगळी फुलं देऊन टाकलीत? आपल्या गौरीला काय लावायचं आता?"

"आपल्या गौरीला?" सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "परदेशी लिली?"

अक्का पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. हसत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"अगं, कोकणातल्या बाईला कळलावी दाखवतेस आणि लिली म्हणतेस! पहिलं पान फुटलं तेव्हाच ओळखली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर नको म्हणावं लागलं असतं. नियम माझाच होता ना." त्या उठल्या आणि मला भिंतीपाशी घेऊन गेल्या. अक्कांच्या बाजूला, भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांना वेल ठिकठिकाणी बांधलेली होती. बांधायला वापरलेल्या चिंध्या मी लगेच ओळखल्या. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ. मी संध्याकाळी वेल आमच्या बाजूला वळवायची आणि पहाटे ही म्हातारी ती सोडवून भिंतीवर चढवायची! आणि मी म्हणत होते, उजेडाकडे वळते, शास्त्र आहे.

"भिंतीच्या आत फुललं असतं तर घरचं झालं असतं," त्या म्हणाल्या. "इथे फुललं म्हणजे बाहेरचं. हिच्या अंगणातून तू गौर आणायचीस. सवाष्णीने बाहेरून आणली की झालं. फुललेली हिला दिली, ती तोवर टिकली नसती. या कळ्या ठेवायला सांगितल्यात. आज पोपटी आहेत, उद्या उलटतील, आपली गौर येईपर्यंत टोकं लाल होतील."

"आणि नाही झाली तर?"

त्यांनी कळीला बोट लावून बघितलं. "झाली पाहिजेत," म्हणाल्या.

"ठाण्याला जायचं नाहीये तुम्हाला?"

"ठाण्याला सगळं आहे. लिफ्ट आहे. बाजार आहे. तिथली सूनही गुणाची, कधी उलट बोलत नाही. आई, हे घ्या. आई, ते असू द्या." त्यांनी माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "दिवसभर गोड ऐकून माझं डोकं उठतं गं."

 मी म्हणाले, "वेल इतकी आवळून बांधतात का? देठ चिरडलाय बघा." त्या म्हणाल्या, "तू शिकव आता मला." अक्का आतून दोन वाट्या कॉफी घेऊन आल्या, आणि मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्याच मराठीत "स्वल्प साखर कमी" म्हणाले.

पुढचे दिवस आम्ही तिघी त्या कळ्यांवर बसून होतो म्हणा ना. आभाळ भरलेलं, ऊन नाही. गणपती आले, आरत्या झाल्या, आणि मी आरतीच्या मधेच स्टुलावर चढून भिंतीपलीकडे विचारायची, "उलटल्या का?" अक्का पलीकडून, "एक उलटली. दुसरी स्वल्प मान वर करत्येय." मग पुन्हा पाऊस. एक कळी गळली. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याशी एकदाही भांडण काढलं नाही. आमटी तशीच खाल्ली. 

गौर यायच्या दिवशी सकाळी ऊन पडलं. अक्कांनी हाक मारली नाही, थेट टाळ्याच वाजवल्या. दोन फुलं. एक लालबुंद आणि एक जरा पिवळसर, पण टोकाला लाली आलेली. "एका हाताची मेंदी जरा कमी रंगलीय," सासूबाई म्हणाल्या, "चालतं. सासरी काम पडलं असेल."

गौर आणताना वाटेत बोलायचं नाही असाही आमचा नियम. तेरड्याची जुडी, मुखवटा आणि दोन हात तबकात घेऊन मी अक्कांच्या फाटकातून निघाले, पुढे लेक घंटा वाजवत. दोन घरांच्या फाटकांत अंतर ते किती! पण अक्का आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुणेम्मा, ती तुमची लिली कुठल्या देशाची हो?" मी ओठ दाबले. "आणि कंद डब्यात आणला म्हणे?" माझे खांदे हलायला लागले, तबक हललं, गौरीने दोन्ही हात हवेत उडवले. सासूबाई दारातून ओरडल्या, "हसू नकोस, हसणं म्हणजे बोलणंच!" म्हणून मी गाल फुगवून, डोळ्यांत पाणी आणून उंबऱ्यापर्यंत गेले. लेकीला वाटलं आई भक्तीने रडते आहे. अजूनही ती तसंच सांगते, आणि मी दुरुस्त करत नाही.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. सासूबाईंनी तो घेतला. "हो, मिळाले हात. रानातले कसे? बाहेरचे. हो, इथेच बसली गौर. नाही गं, पुढच्या वर्षीचं काय, मिळतील." आणि मग हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं, "घाटलं? बिघडवलंच आहे हिने. तू करशील छान, मला ठाऊक आहे. पण इथे लक्ष ठेवायला कुणी नको का?"

थंडी पडली तशी वेल वाळली. एका सकाळी मोरीमागे आवाज आला म्हणून गेले तर सासूबाई उकिडव्या बसून खणत होत्या. जुना कंद शोषून गेला होता आणि त्याच्या जागी दोन फाट्यांचा नवा, टरटरीत कंद तयार झाला होता. त्यांनी तो मधोमध मोडला. अर्धा भिंतीवरून अक्कांच्या हातात दिला. अर्धा आमच्याच बाजूला, पण आधीच्या जागेपासून बराच लांब, खोल पुरला.

"आता हा कशाला आपल्यात?" मी विचारलं. "घरातली चालत नाही ना? आणि भांडणं होतात म्हणाला होतात."

त्यांनी हात झटकले, माझ्याकडे वर बघितलं. "म्हणूनच लावतेय. तू हल्ली फार गोड बोलायला लागलीस."

"मी? कधी?"

"काल. परवा. आई, हे घ्या म्हणालीस."

"ते औषध होतं!"

"असू दे," त्या म्हणाल्या, "पाणी घाल. आणि या वेळी बेताने घाल, बाळंतिणीला घातल्यासारखं नको."

मी बेतानेच घातलं. त्या म्हणाल्या, फारच कमी घातलंस.